दाभोळची लारी आणि एकतीस नंबरचं गिऱ्हाईक

रत्नागिरीत दुपारी दोन ते चार या वेळात चष्मा कुणालाच लागत नाही. जेवून माणसं आडवी होतात, आणि आडव्या माणसाला लांबचं दिसलं काय न् जवळचं दिसलं काय, सारखंच. मी मात्र माझं चष्म्याचं दुकान उघडं ठेवतो, कारण घरी गेलो तर मीही आडवा होतो आणि मग पाच वाजले तरी उठत नाही. त्या दोन तासांत पूर्वी मी शब्दकोडी सोडवायचो. तीन वर्षांपूर्वी शब्दकोड्यांची जागा नाण्यांनी घेतली.

त्याचं असं झालं. देवरूखहून एक निवृत्त गृहस्थ भिंग घ्यायला आले. भिंग चांगलं आहे की नाही हे बघायला त्यांनी खिशातून तांब्याचा एक ओबडधोबड तुकडा काढून काउंटरवर ठेवला. शिवराई होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, तीही अर्धी झिजलेली. त्यांनी बघितली, मग मी बघितली, मग पुन्हा मीच बघितली. अर्ध्या तासाने ते म्हणाले, “आता माझं नाणं मला द्या, मला साडेचारची एस्टी आहे.” जाताना त्यांनी एका संकेतस्थळाचं नाव लिहून दिलं. तिथे दर पंधरवड्याला नाण्यांचा लिलाव होतो, घरबसल्या बोली लावता येते. भिंग ते घेऊन गेले आणि खाज मला देऊन गेले.

पहिल्याच लिलावात मी एका शिवराईवर डोळा ठेवला. आयुष्यात कधी लिलावात भाग घेतला नव्हता, पण माझं एक मत होतं. समोरच्याला सुरुवातीलाच असा दणका द्यायचा की त्याने पुन्हा वर बघू नये. नाण्याची सुरुवातीची किंमत सहाशे होती. मी एकदम बाराशे लावले. चार दिवस कुणीही वर बघितलं नाही. नाणं माझं झालं. त्यानंतर बिल आलं, त्यात लिलाववाल्यांचं कमिशन, कमिशनवर कर आणि पाठवण्याचा खर्च असा मिळून आणखी पाव भाग चढला होता. तरी मी आनंदात देवरूखला फोन केला.

“दुप्पट लावलीत?” ते गृहस्थ म्हणाले. “समोर कोण होतं?”

“कुणीच नाही.”

“मग घाबरवलंत कुणाला?”

मग त्यांनी सांगितलं की तिथे कमाल बोलीची सोय असते. आपण जास्तीत जास्त किती देणार ते गुपचूप भरून ठेवायचं, कुणी दुसरा आला तरच यंत्र आपल्या वतीने थोडं थोडं वर जातं, नाहीतर नाणं मूळ किमतीतच मिळतं. म्हणजे ती शिवराई मला सहाशेला मिळाली असती.

त्यानंतर मी शेवटच्या क्षणी बोली लावायची पद्धत धरली. दिवसभर साधू बनून बसायचं आणि घड्याळात दहा सेकंद उरली की हळूच पुढे व्हायचं. कल्पना चांगली होती, पण लिलाववाल्यांनाही ती माहीत होती. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आणखी दोन मिनिटांनी वाढायची. दाम नावाच्या एका मुघल नाण्यासाठी वेळ आठदा वाढली. त्याच वेळी एक बाई चष्म्याची मोडकी काडी घेऊन काउंटरशी उभ्या होत्या. एका हाताने काडी बसवत आणि दुसऱ्याने फोनवर बोटं चालवत मी दामही गमावला आणि काडीही उलटी बसवली. तो चष्मा घालून त्या बाई एका डोळ्याने वर आणि एका डोळ्याने खाली बघत माझ्याकडे पाहत राहिल्या.

मग कुठेसं वाचलं की लोक गोल आकड्यावर थांबतात, म्हणून आपण थोडं पुढे जावं. मी पंधराशेऐवजी पंधराशे अकरा भरले. हरलो. जिंकणाऱ्याने पंधराशे एकवीस भरले होते. ते वाचलेला मी एकटाच नव्हतो.

हे सगळं बायकोपासून लपवण्याचा प्रश्नच नव्हता. ती पोस्टात आहे आणि नाणी स्पीड पोस्टाने येतात. पार्सल आल्याचं माझ्या आधी तिला कळतं. बोली लावणाऱ्यांची नावं तिथे दिसत नाहीत, नुसते नंबर दिसतात, आणि मला एकशे आठ नंबर मिळाला होता. “रुग्णवाहिकेचा नंबर बरोबर माणसाला दिलाय,” असं ती म्हणाली होती.

गणपती होऊन गेल्यावर एक दिवस दुपारी तीनच्या सुमारास दुकानात एक बाई आल्या. जेटीवर लिलावात मासळी घ्यायची आणि बाजारात बसून विकायची, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. हल्ली लोक मोबाईलवर पैसे टाकतात आणि आकडा नीट दिसत नाही, अशी तक्रार होती.

“बसा मावशी,” मी म्हणालो.

“मावशी कुणाला? तुमच्यापेक्षा मी लहान असन.”

वय लिहून घेतलं तर खरंच दोन वर्षांनी लहान निघाल्या. मी ताई म्हणायला लागलो. मी डॉक्टर नाही हे त्यांना मी दोनदा सांगितलं, पण त्या मला डागदर म्हणत राहिल्या. अक्षरांचा तक्ता बाजूला ठेवून मी आकड्यांचा लावला, तो त्यांनी धडाधडा वाचला, आणि बारीक ओळीवर अडल्या. जवळचा नंबर निघाला. मग फ्रेम निवडायची वेळ आली.

त्यांनी आधी सोनेरी काड्यांची महागातली फ्रेम उचलली. ती घालून आरशासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की मी मनात गिऱ्हाईक पक्कं केलं. किंमत ऐकली, सुस्कारा टाकला, फ्रेम जपून खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. पदर सारखा केला आणि दाराकडे वळल्या. जाता जाता कोपऱ्यातल्या तपकिरी फ्रेमकडे बोट केलं. “हा कितीला? मला नकोय, नुसतं विचारते.”

गिऱ्हाईक हातचं जातंय असं दिसल्यावर मी त्या फ्रेमची किंमत आपणहून दोनशेने उतरवून सांगितली. त्या म्हणाल्या, “आणखी शंभर कमी करा, नि टाका.” मी केले.

पावती लिहिताना मी विचारलं, “तुम्हाला तो सोनेरी आवडला होता ना?”

“तो? तो घालून मी बाजारात बसले तर गिऱ्हाईक भाव विचारायला घाबरंल.”

“मग आरशात एवढा वेळ काय बघत होता?”

“तुमचं तोंड,” त्या म्हणाल्या. “आरशात मागं दिसत व्हतं.”

नेमका त्याच वेळी माझा फोन वाजला. कुठल्यातरी नाण्यावर माझ्यापेक्षा वरची बोली लागली होती. मी पेन टाकून फोन उचलला. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. नाणी, बोली, नंबर, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“माणूस दिसत नाय आणि लिलाव करता?” त्या म्हणाल्या. “ह्यो कसला लिलाव. चष्मा व्हायला चार दिस लागणार ना? तवर एकदा जेटीवर या.”

मी गेलोही असतो किंवा नसतो, पण दुसऱ्याच दिवशी पुढच्या लिलावाची यादी आली आणि तीत एक लारी होती.

लारी म्हणजे चांदीची जाड तार. मधोमध वाकवून दोन्ही पाय शेजारी आणलेले, बोटभर लांब, केसांच्या आकड्यासारखी दिसणारी. पायांवर फारसी अक्षरांचे ठसे. आदिलशाहीच्या काळात दाभोळ बंदरात हा पैसा चालायचा. आता माझं बालपण दापोली तालुक्यातलं. दाभोळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून मी शेकडो वेळा पलीकडे गेलोय, बोटीची वाट बघत धक्क्यावर बसून शेंगदाणे खाल्लेत. तिथे कधीकाळी चांदीच्या तारांनी व्यवहार चालायचे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फोटो मोठा करून बघताना मला शेंगदाण्यांची चव आठवली आणि मी ठरवलं की ही लारी माझीच. देवरूखच्या गृहस्थांनी फोटो पाहून सांगितलं, “खरी दिसते. नऊ हजारांपर्यंत ठीक. त्यापुढे हौस.”

शनिवारी सकाळी मी जेटीवर गेलो. ताई मला बघून न बघितल्यासारखं करून पुढे गेल्या. नंतर कळलं, धंद्याच्या वेळी ओळख दाखवायची नसते. लाँचमधून माल उतरत होता. प्लास्टिकच्या टपांभोवती बायकांची कोंडाळी, आणि मध्ये पुकारणारा माणूस आकडे इतक्या वेगाने फेकत होता की मला पहिल्या दहा मिनिटांत एकही कळला नाही. ताई बांगड्यांच्या टपाजवळ उभ्या राहून शेजारणीशी कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. मला वाटलं आज बांगडे घेणार. पलीकडे सुरमईच्या टपावर दोघीजणी भिडल्या होत्या. त्यातली एक थांबली तशा ताई लग्नाचं बोलणं अर्धं टाकून वळल्या, एक बोट वर केलं आणि दोन हाकांत सुरमई घेऊन मोकळ्या झाल्या. पुढच्या टपालाही त्यांनी बोट वर केलं, पण तिसऱ्या हाकेला पाठ फिरवली.

माल टेम्पोत चढल्यावर त्या माझ्याशी बोलल्या.

“दुसरा का सोडलात?” मी विचारलं. “पन्नास रुपयांचा तर फरक होता.”

“बाजारात मला तो त्याच भावात इकायला लागला असता. मग मी हमाली कुणाची केली? भाव जेटीवर नाय ठरवायचा, डागदर. घरातनं निगतानाच ठरवून निगायचा. हितं आलं की डोकं फिरतं.”

बुधवारी दुपारी साडेचारला लारीचा लिलाव संपणार होता. चार वाजता ताई चष्मा न्यायला आल्या. घातला, माझ्या काउंटरवरच्या लेन्सच्या डबीवरचं बारीक छापील वाचून बघितलं, समाधान झालं, आणि जाण्याऐवजी स्टूल ओढून बसल्या. “दाखवा तुमचा लिलाव.”

लारी सात हजारांवर होती. मी एकशे आठ. शिवाय एक बावीस नंबर होता आणि एक एकतीस. बावीस लवकरच थकला. मग मी आणि एकतीस. मी दोनशे चढवले की एकतीस लगेच दोनशे चढवायचा. मला विचार करायला मिनिट लागत होतं, त्याला पाच सेकंद.

ताई चष्म्यातून आकड्यांची ती यादी वरपासून खालपर्यंत वाचत होत्या. “ह्या एकतीसनं आज आणखी काय घेतलं?”

मी त्याच दिवशी संपलेले आधीचे लॉट उघडले. यादीत विकणाऱ्याचाही नंबर असतो; लारी विकणाऱ्याचीच आणखी सात नाणी त्यात होती. सातही ठिकाणी एकतीस नंबर होता. सातही ठिकाणी तो शेवटून दुसरा होता.

“घेत नाय,” ताई म्हणाल्या. “नुसता चढवतो. ह्यो इकणाऱ्याच्या घरचा माणूस हाय, डागदर.”

“असं कशावरून? हरत असेल बिचारा. मी पण हरतो.”

“तुमी सातातनं एक तरी घेता. हरणारा माणूस एकदा तरी चुकून जिकतो.”

तोवर मी नऊ हजार लावले होते. पाच सेकंदांत स्क्रीनवर नऊ हजार दोनशे आले.

“घरनं काय ठरवून आलावतात?”

“नऊ.”

“मग?”

“पण ही दाभोळची आहे, ताई.”

“सुरमई पण दाभोळची येते,” त्या म्हणाल्या, आणि चष्म्याची रिकामी डबी माझ्या फोनवर ठेवली.

ती डबी मी उचलू शकलो असतो. दोन मिनिटं होती. मी डबीकडे बघत बसलो, आणि ती दोन मिनिटं गेली. लारी नऊ हजार दोनशेला एकतीस नंबरने नेली.

“बघा,” मी म्हणालो, “घरचा असता तर त्याने स्वतःच कशाला घेतली असती? दोनशे रुपयांसाठी गेली.”

“दोनशे नव्हते ते. त्याच्यामागं आणखी दोनशे हुबे होते, आणि त्याच्यामागं आणखी.” मग त्या म्हणाल्या, “आता चढवता चढवता त्याच्याच गळ्यात पडली असंल, तर बरं झालं.”

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मी रागावलो होतो. त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि चहा मागवून एकटाच प्यायलो. घरी बायकोने विचारलं, “या आठवड्यात काही येणार नाही ना?” मी नाही म्हणालो. त्या रात्री तिने आंबोळ्या केल्या.

महिनाभराने नवी यादी आली. सतराव्या लॉटला तीच लारी होती. तशीच दुसरी नव्हे, तीच. फोटोही तोच, खालच्या मखमलीचा एक दोरा सुटलेला होता तोही तसाच. सुरुवातीची किंमत चार हजार. मी देवरूखला फोन केला. ते म्हणाले, “कधीकधी घेणारा पैसे भरत नाही, मग पुन्हा लावतात. आणि कधीकधी तुमच्या ताई म्हणतात तसंही असतं. आपल्याला कसं कळणार?” ते आपल्याला अजूनही कळलेलं नाही. एकतीस नंबर मात्र या वेळी कुठे दिसला नाही.

या खेपेला मी कागद घेऊन बसलो. एकूण नऊ हजारांच्या वर जायचं नाही, तर कमिशन, कर आणि पोस्ट वजा जाता बोली किती, ते काढलं. सात हजार आले. कमाल बोलीत सात हजार भरले आणि फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. तो ड्रॉवर मी दहा मिनिटांत चार वेळा उघडला हे कबूल करतो. सुदैवाने अलोऱ्याहून एक जोडपं डोळे तपासायला आलं. नवऱ्याला वाटत होतं की बायकोला दिसत नाही, बायकोला वाटत होतं की नवऱ्याला दिसत नाही, आणि दोघांचंही खरं होतं. दोघांना चष्मे लागले, फ्रेमवरून त्यांचा वाद झाला, मिटला, पुन्हा झाला. ते गेल्यावर मी ड्रॉवर उघडला. लारी मला पाच हजार सहाशेला मिळाली होती, आणि तो क्षण मी बघितलासुद्धा नव्हता.

आनंद झाला, पण पाच मिनिटांनी शंकाही आली की बाकीच्यांना ही का नको होती. पार्सल बायकोनेच पोस्टातून आणलं. शेजारच्या सोनाराने लारीचं वजन करून दिलं आणि “याची जोडी कुठाय?” असं विचारलं, कारण त्याला ते कानातलं वाटलं. देवरूखचे गृहस्थ मुद्दाम एस्टीने आले, त्यांनी भिंगाखाली उलटीपालटी करून ती खरी ठरवली. एक पाय थोडा घासलाय, म्हणाले, पण चारशे वर्षांनी तुमचेही घासतील.

मग ताईंचा राग धरून बसण्यात अर्थ नव्हता. त्या काडीचे स्क्रू घट्ट करायला आल्या तेव्हा मी लारी त्यांच्या हातावर ठेवली.

“ह्यो तर गळ,” त्या म्हणाल्या. “टोक काढलं तर घोळ मासा लागंल याला.” त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. त्यांच्या बोटांची पेरं हलताना दिसली, बहुधा सुरमईत रूपांतर चाललं होतं. पण आकडा त्यांनी मनातच ठेवला, हे मी त्यांचे उपकार समजतो.

मी स्क्रू घट्ट करेपर्यंत त्यांनी माझ्या फोनवरची यादी अंगठ्याने खाली सरकवत नेली, आणि एका ठिकाणी थांबल्या. मधे गोल भोक असलेला तांब्याचा पैसा होता, इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांतला.

“ह्यो माझ्या बापानं करदोट्यात बांदला व्हता माझ्या. वल्हं मारताना बोटीतनं पडला. मी का बापूस, कोण वल्हं मारत व्हतं ते आता ध्यानात नाय.” त्यांनी चष्मा वर करून पुन्हा खाली केला. “ह्यो घ्यायचा.”

मी सांगितलं की हा पैसा काही दुर्मिळ नाही, कुठल्याही नाणेवाल्याकडे चहा-भजीच्या किमतीत मिळेल, मी आणून देतो. ते त्यांच्या कानात शिरलं नाही. हाच पाहिजे. लिलाव त्याच दिवशी पाच वाजता संपत होता.

“बरं, घरातून किती ठरवून निघालात?” मी विचारलं.

“मी काय ह्याच्यासाठी निगाले व्हते? शंभर घाला.”

शंभर घातले. कुणीतरी एकशे वीस केले. ताईंनी फोन माझ्या हातातून घेतला. पुढची दहा मिनिटं मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. दीडशे, दोनशे, अडीचशे. मी एकदा म्हणालो, “ताई, यादी तरी बघा, समोरचा घरचा असेल.” त्या म्हणाल्या, “असू दे.” मी म्हणालो, “जरा पाठ फिरवा, बांगड्यांकडे बघा.” त्यावर त्यांनी आणखी पन्नास चढवले. चारशे साठला समोरचा थांबला. वीस-तीस रुपयांचा पैसा, वर कमिशन, कर, पोस्ट.

फोन परत देताना त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “मासा मला इकायचा असतो, डागदर. किती गेला की नुकसान, ते ठावं असतं. ह्यो इकायचाच नाय, तर भाव कुठनं काडू?”

याच्यावर मी बराच विचार केला आहे, आणि लिलावाबद्दल जे काही वाचलं त्यात याचं उत्तर सापडलेलं नाही.

पैसा आठ दिवसांनी आला. बायको म्हणाली, “हे पार्सल तुझं नाही हे मी शपथेवर ऐकून घेतलं, तरी माझा विश्वास नाही.” ताई बाजार उरकून आल्या, हात साबणाने दोनदा धुतले आणि पैसा बोटात धरला.

“बारका वाटतो,” त्या म्हणाल्या.

मी मोजपट्टी लावून दाखवली, सगळे एवढेच असतात म्हणून सांगितलं. त्या बराच वेळ भोकातून रस्त्याकडे बघत होत्या. मग नातीच्या करदोट्याला काळा दोरा हवा, पण आमच्या आळीतला दोरेवाला महाग देतो का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, “बघते त्याच्याकडं,” आणि चष्मा डबीत घालून, मान ताठ करून आळीकडे चालायला लागल्या.